काचेचा मासा आणि साडेअकरा लिटरचा डबा

मिलिवोय व्लाश्कालिन कुठलंही यंत्र उघडण्याआधी त्याच्याशी बोलायचा. तापानं फणफणलेल्या पोराशी डॉक्टर बोलतो तसं. "चला, बघू या. कुठं दुखतंय आपल्याला? इथं? का इथं?" मग नाक जवळ नेऊन दोनदा हुंगायचा, मान तिरकी करायचा आणि घशातून असं एक "अंहंऽऽ" काढायचा की शेजारी उभी बाई बसायला खुर्चीच शोधायची. वर्शात्स गावातल्या निम्म्या पोरांना ते "अंहं" हुबेहूब जमायचं. आखूड "अंहं" म्हणजे फ्यूज उडालाय. लांब "अंहंऽऽऽ" म्हणजे पिक्चर ट्यूब गेली, आता बसून घ्या.

एकतीस वर्षं त्यानं टीव्ही दुरुस्त केले. त्या काळी प्रत्येक घरात टीव्हीच्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल असायचा आणि रुमालावर काचेचा मासा. तोंड वासलेला, शेपटी वर केलेला, निळा नाहीतर नारिंगी. मिलिवोय आधी मासा उचलून पलंगावर ठेवायचा, मग रुमाल झटकायचा आणि म्हणायचा, "वहिनी, टीव्ही आहे हा, नवरी नव्हे. डोक्यावर जाळी कशाला?" वहिनी हसायच्या, आणि तो जिना उतरेपर्यंत मासा पुन्हा जागेवर.

पुढं टीव्ही पातळ झाले. पातळ टीव्ही बिघडला की लोक टाकून देतात, मिस्त्रीला कोण बोलावतो? तेव्हा पन्नाशी उलटल्यावर मिलिवोय कॉम्प्युटर शिकला. तिथंही लवकरच नाव झालं. लोक म्हणायचे, त्याच्या हाताला गुण आहे. त्यानं बसवलेलं यंत्र बंद पडत नाही.

आणि मग देसांकाचं बंद पडलं.

देसांका पुतनिकोव म्हणजे दोन गल्ल्या पलीकडची विधवा, वय चौसष्ट. ती मयताचे कागद करायची. खांबांवर, झाडांवर, फाटकांवर जे काळ्या चौकटीचे कागद चिकटवतात, वर फोटो, खाली नाव, अंत्यविधीची वेळ, "शोकाकुल" म्हणून नातवंडांची यादी, ते सगळं देसांकाच्या घरून निघायचं. गावात कोण गेलं हे पाद्रीच्याही आधी तिला कळायचं. बोलायची भराभर आणि खालच्या आवाजात, जणू शेजारच्या खोलीत कुणी मयत ठेवलंय. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "देव न करो" लावायची, गरज असो वा नसो. "साखर संपली, देव न करो."

तिचा जुना कॉम्प्युटर पेटाऱ्याएवढा होता आणि दळणाच्या गिरणीसारखा घरघरायचा. तो गेल्यावर तिनं मिलिवोयला सांगितलं, "मिस्त्री, लहानसा करून द्या. माझं टेबल म्हणजे आईचं शिवणयंत्राचं टेबल. प्रिंटर ठेवला की उरते एवढीशी जागा."

मिलिवोयनं टेप लावली. चौतीस सेंटिमीटर.

"मग खाली जमिनीवर ठेवू."

"जमिनीवर?" देसांकानं छातीवर क्रूस काढला. "फरशीचा गारठा वर चढतो. माणसाची मूत्रपिंडं जातात, यंत्राचं काय घेऊन बसलात?"

तर मग टेबलावरच. मिलिवोयनं तळहाताएवढा मदरबोर्ड घेतला आणि त्याला साजेसं छोटं कॅबिनेट निवडलं. उभं, चौकोनी, दहा लिटरचं. या छोट्या डब्यांची मापं लिटरमध्ये सांगतात. वर्शात्स दारूचं गाव, चारी बाजूंना द्राक्षमळे. त्यामुळे त्याच्या बायकोला, ल्युबिंकाला, लिटर म्हटलं की एकच गोष्ट सुचायची.

"दहा लिटर? आणि रिकामा आणलात?"

डब्याच्या माथ्यावर बारीक जाळी होती आणि जाळीखाली पंखा. गरम हवा वर जाते, तर तिला वरूनच वाट द्यावी, असा साधा हिशेब. यंत्र सुरू झालं तेव्हा आवाज इतका कमी की देसांकानं विचारलं, "गेला का हो?"

"जिवंत आहे."

"अगंबाई. काय सुबक केलंत. खरंच सांगते मिस्त्री, डोळ्यांत पाणी आलं, देव न करो."

नऊ दिवसांनी तिचा फोन. दोन तास चालतो आणि पटकन बंद पडतो. मध्येच. तेही कुणाचं, तर म्हाताऱ्या पोस्टमास्तरांचं नाव टाईप करताना. "अर्धं नाव राहिलं, मिस्त्री. माणूस धड गेला पण नाही आणि धड राहिला पण नाही."

मिलिवोय म्हणाला, उद्या दहाला येतो. गेला. टेबल लखलखीत, टेबलावर यंत्र एकटं, शेजारी बशीत चमचाभर मुरांबा, पाण्याचा पेला, कॉफी. तो दोन तास बसला. यंत्र सुतासारखं चाललं. तरी घरी आणून त्यानं वीजपुरवठ्याचा डबा बदलला, तीन दिवस चालवून पाहिलं, परत दिलं.

सहा दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा तो दहाला गेला, पुन्हा मुरांबा, पुन्हा यंत्र शहाण्या बाळासारखं. या वेळी मेमरी बदलली, प्रोसेसरवरचा लेप पुसून नवा लावला. स्क्रू घट्ट करताना त्याला दिसलं की आपला उजवा हात थरथरतोय. किंचित. स्क्रूचं डोकं सापडायला दोन वेळा चुकला.

त्या दुपारी यंत्र पोचवून आल्यावर त्यानं काही काम केलं नाही. हात पुढं धरून नुसता बघत बसला. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढलं आणि घरी येऊन ल्युबिंकाला म्हणाला, "आता पुन्हा बंद पडला तर महिनाअखेर दुकानाची किल्ली मालकाला देऊन टाकतो."

ल्युबिंका वांगी सोलत होती. "आणि मग काय करणार? दिवसभर माझ्या डोक्यावर बसणार?"

"थट्टा नको. हाताचा गुण गेलाय, ल्युबा. माझ्या ध्यानात येत नाही आणि लोकांच्या कामाचा खोळंबा होतो. मी बसवलेलं यंत्र बंद पडतं म्हणजे काय?"

ल्युबिंकानं सुरी खाली ठेवली. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला पुष्कळदा कुरकुरताना ऐकलं होतं, पण असं हळू बोलताना नाही.

"बरं," ती म्हणाली. "पण महिनाअखेर. त्याआधी नाही."

दुसऱ्या दिवसापासून कोशावा सुटला. हा वारा एकदा सुटला की तीन दिवस, नाहीतर सात, नाहीतर एकवीस; त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. खिडक्यांच्या फटीत लोकांनी घड्या करून टॉवेल खोचले. शटर खालीच राहिलं. मिलिवोय फोनकडे बघत घरात फिरत राहिला आणि पाचव्या दिवशी फोन वाजलाच.

"मिस्त्री, मला सांगायला लाज वाटते, देव न करो..."

"उद्या दहाला येतो," मिलिवोय म्हणाला. ल्युबिंका दारात उभी होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

तो गेला. यंत्र चाललं. एक तास, दोन तास, सव्वादोन. त्यानं जाळीवर तळहात ठेवला. पंखा गार फुंकर घालत होता. त्यानं कान लावला, हुंगलं. काही नाही. देसांका मागं उभी राहून ॲप्रनला हात पुसत होती.

"अंहं नाही म्हणालात," ती हळूच म्हणाली.

"म्हणण्यासारखं काही सापडत नाही, शेजारीणबाई. दोष यंत्रात नाही. माझ्यात आहे. तुम्ही दुसऱ्या कुणाला दाखवा. मी दुकान बंद करतोय."

ती काही बोलायच्या आत त्यानं टोपी उचलली आणि जिना उतरला.

कोपऱ्यावरच्या बेकरीत त्यानं मांस भरलेल्या बुरेकचा तुकडा घेतला. भूक म्हणून नाही, वाऱ्यापासून आडोसा म्हणून. तासभर बसून उठताना पैसे काढायला खिशात हात घातला, तर पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर नव्हता. तो त्याला त्याच्या उस्तादानं दिलेला, नोकरीच्या पहिल्या दिवशी. दुकान सोडता येईल, पण तो कसा सोडणार? तसाच वाऱ्याविरुद्ध वाकून तो परत गेला.

देसांकाचं दार लोटलेलं होतं. "शेजारीणबाई, मीच! स्क्रूड्रायव्हर राहिला!" असं म्हणत तो थेट आत गेला आणि दारातच थबकला.

शिवणयंत्राच्या टेबलावर त्याचं दहा लिटरचं यंत्र होतं. यंत्राच्या माथ्यावर पांढराशुभ्र, कांजी केलेला क्रोशाचा रुमाल. दुहेरी विणीचा, झालर चारी बाजूंना लोंबणारी. आणि रुमालाच्या बरोबर मध्ये, तोंड वासून, शेपटी वर करून, निळा काचेचा मासा.

मिलिवोय पुढं झाला. रुमालाच्या कडेला बोट लावलं आणि झटक्यानं मागं घेतलं. चुलीवरच्या तव्यासारखं.

"अंहंऽऽऽऽऽ," तो म्हणाला. आजवर इतकं लांब "अंहं" त्यानं काढलं नव्हतं.

देसांकाच्या तोंडचं पाणी पळालं. "काय झालं? ट्यूब गेली?"

"हे इथं कधीपासून आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग मी येतो तेव्हा कुठं असतं?"

"अहो, मिस्त्री येणार म्हटल्यावर आवरून नको का ठेवायला?" देसांकाला प्रश्नच कळेना. "तुमच्या हाताशी पसारा कशाला? मासा कपाटात, रुमाल धुवायला. तुम्ही गेलात की परत मांडते."

मिलिवोय खुर्चीवर बसला. आधी खांदे हलायला लागले, मग पोट, मग तो इतका हसला की टोपी पडली. हसता हसता डोळे पुसले, आणि ते पुसणं जरा जास्तच वेळ चाललं. उजवा हात त्यानं पुढं धरला. थरथरत होता, पण आता हसण्यानं.

"शेजारीणबाई, एक राकिया द्या."

"भर दुपारी दारू?"

"द्या हो. मी परत जन्माला आलोय."

एक पेला पोटात गेल्यावर त्यानं तिला समजावलं. वर जाळी का आहे. पंखा हवा कुठून ओढतो, कुठून सोडतो.

"म्हणजे आत वाऱ्याचा झोत?" देसांकानं डोळे विस्फारले. "एका बाजूनं येतो, दुसऱ्या बाजूनं जातो?"

"तसंच."

"अहो, माझा दीर त्या झोतानंच गेला! बसमध्ये दोन खिडक्या उघड्या होत्या!"

"माणूस जातो, शेजारीणबाई. यंत्र झोतावरच जगतं. तो बंद झाला की गुदमरतं आणि स्वतःहून डोळे मिटतं, म्हणून तर जळालं नाही बिचारं."

"काय विचित्र जात आहे, देव न करो," देसांका म्हणाली. "मीच मारत होते म्हणायचं. आणि तुम्ही माझ्यापायी दुकान बंद करत होतात." तिनं मासा दोन्ही हातांनी उचलला, पदराखाली बाळ घ्यावं तसा. "ठेवते परत कपाटात. तुमचं यंत्र असं उघडंबोडकं बरं दिसेना म्हणून घातला होता रुमाल. कुणीतरी एवढं हातानं करून दिलंय, त्याचा मान नको राखायला? आणि ह्याला पण अकरा वर्षांनी जागा मिळाली. टीव्ही पातळ झाल्यापासून अंधारातच होता. ह्यांनी आणला होता, कारखान्याच्या सहलीला समुद्रावर गेले तेव्हा. सगळ्या वाटेत मांडीवर धरून. राहील अजून अंधारात, त्याला काय होतंय."

मिलिवोय माशाकडे बघत राहिला. आयुष्यात त्यानं असे हजारभर मासे उचलून पलंगावर ठेवले होते. ते परत कुठं जातात, पुढं टीव्हीच पातळ झाल्यावर त्यांचं काय झालं, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"कपाटात नको," तो म्हणाला. "यंत्र नेतो, आठ दिवस द्या मला. आणि रुमालही द्या."

"रुमाल कशाला?"

"मापाला."

पान्चेवो शहरातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात तिहोमिर नावाचा विक्रेता होता. माणूस पन्नाशीचा, पण बोलायचा रेडिओवरच्या जाहिरातीसारखा. श्वास न घेता आणि प्रत्येक शब्दाला झेंडूचं फूल लावून. "या काका या! छोटं कॅबिनेट? अहाहा! हे बघा! तिन्ही बाजूंना काच! सात रंगांचे दिवे! आत काय चाललंय ते सगळं दिसतं!"

"ज्यांच्यासाठी घेतोय त्या मयताचे कागद करतात. आत काय चाललंय ते न दिसलेलंच बरं."

"मग हे! उभं, सडपातळ, धुराड्यासारखं! हवा खालून वर, सुसाट!"

मिलिवोयनं पिशवीतून कागदात गुंडाळलेला रुमाल काढला, उलगडला आणि धुराड्याच्या माथ्यावर पसरला. रुमाल चारी बाजूंनी लोंबून अर्ध्या डब्यापर्यंत आला. टोपडं घातलेल्या म्हातारीसारखा दिसायला लागला तो डबा.

तिहोमिरची जाहिरात थांबली. "काका... हे काय?"

"गिऱ्हाईकाची अट. छप्पर बंद हवं, एक भोक नको. आणि एवढं रुंद हवं की झालर बाजूला उतरता कामा नये, नाहीतर बाजूची भोकं झाकतील. पण चौतीसच्या वर जाता कामा नये, शेजारी प्रिंटर आहे. आणि छपरावर सव्वा किलोचा मासा बसणार आहे."

"जिवंत?"

"काचेचा."

तिहोमिरनं मिलिवोयकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं. आणि त्याचा आवाज एकदम घरचा झाला. "निळा का नारिंगी?"

"निळा."

"आमच्या आईकडे नारिंगी होता," तिहोमिर म्हणाला. "कुठं गेला कुणास ठाऊक." आणि त्यानं शिडी लावली.

मग दोघं पुरुष दुपारभर डब्यांना रुमाल घालून बघत बसले. जुन्या व्हिडिओ प्लेअरसारखा एक बसका डबा रुंदीला पुरला, पण छपरावर प्रोसेसरच्या नेमक्या वर भोकं. एकाचं छप्पर बंद, पण पत्रा पापडासारखा. बोटानं दाबला की खाली जायचा. एकाचं सगळं जमलं, पण चालू करायचं बटण बरोबर माथ्यावर. "मासा बसला की यंत्र बंद," तिहोमिर म्हणाला आणि त्यानं तो स्वतःच बाजूला सारला. दोन गिऱ्हाइकं वाट बघून निघून गेली, त्याला पत्ताच नाही.

सगळ्यात वरच्या फळीवरून धूळ झटकत आला तो राखाडी, बसका, बिनचेहऱ्याचा डबा. तेहेतीस बाय अठ्ठावीस. जाड पत्र्याचं सपाट छप्पर, दोन्ही बाजूंना खालपर्यंत भोकं, खाली बोटभर उंच पाय. हवा तळातून घ्यायची, बाजूंनी सोडायची. "दोन वर्षं पडून आहे," तिहोमिर म्हणाला. "कुणी ढुंकून बघत नाही. दिवा नाही, काच नाही. साडेअकरा लिटर."

मिलिवोयनं रुमाल पसरला. झालरीचं टोक छपराच्या कडेशी येऊन थांबलं. मग तिहोमिरनं "अंहं" केलं, अगदी आखूड. ते त्याला कुठून आलं देव जाणे.

घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर मिलिवोयनं यंत्र जोडलं. बसकं कॅबिनेट म्हणून प्रोसेसरवर बुटका पंखा बसवावा लागला. हात थरथरला की तो थांबायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा लावायचा. स्क्रू बसत होते. सगळं झाल्यावर छपरावर रुमाल घातला आणि माशाच्या जागी ल्युबिंकाची राजम्याची बरणी ठेवली.

"माझी बरणी!"

"चाचणी चाललीय."

"सणाला शिजवायचा राजमा आहे तो!"

"शिजणार नाही. शिजला तर मी हरलो."

तीन दिवस यंत्र चाललं. दर दोन तासांनी ल्युबिंकाच येऊन बरणीला हात लावायची. तिसऱ्या संध्याकाळी म्हणाली, "गार आहे हो." आणि मग, दुसरीकडे बघत, "किल्लीचं काय ठरलं?" मिलिवोयनं शिट्टी वाजवत हात धुतले.

यंत्र पोचवताना त्यानं फोन केला नाही. देसांकाला आधीच बजावलं होतं, यायचा दिवस सांगणार नाही आणि काहीही आवरायचं नाही. हे पाळताना तिचे जे हाल झाले ते तिलाच ठाऊक. पाच दिवस ती पहाटेपासून नीट कपडे घालून बसत होती. त्यानं यंत्र टेबलावर ठेवलं, रुमाल पसरला आणि म्हणाला, "आता तुमचं काम."

देसांकानं मासा आणला आणि ठेवला. तोंड खिडकीकडे केलं, मग आपल्याकडे केलं. दोन तास झाले, तीन झाले, तिनं पोस्टमास्तरांच्या चाळीसाव्या दिवसाच्या स्मरणविधीचा कागद पुरा केला, नाव अख्खं.

"मिस्त्री," ती म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच वाक्याच्या शेवटी तिला काही सुचलं नाही.

आता देसांका आभार मानणार कसे? जसे तिला येतात तसे. रात्रीचं जेवण उरकून तिनं एक कागद केला. मोठ्या अक्षरांत मिलिवोयचं नाव, खाली मजकूर: "हाताला गुण असलेल्या आमच्या मिस्त्रींचे मनापासून आभार. त्यांनी एका यंत्राला श्वास दिला आणि एका माशाला घर." चौकट द्राक्षाच्या पानांची घेतली, हिरवी. पण रंगीत शाई संपलेली होती, तेव्हा छापली गेली काळी. सकाळी बाजाराला जाताना तिनं तो कागद मिलिवोयच्या बंद शटरवर चिकटवला आणि समाधानानं पुढं गेली.

वर्शात्समध्ये माणसं आधी चौकट बघतात, मग नाव. मजकूर कोण वाचतो? त्यात शटर तीन आठवडे बंद.

दहा वाजता ल्युबिंकाच्या दारात पहिली बाई आली, डोळ्यांना रुमाल लावून. "काय देवमाणूस होता! आमचा टीव्ही लग्नाच्या दिवशी बंद पडला होता, जेवणाच्या पंगतीतून उठून आले होते." तिच्यामागून बेकरीवाला. "पैसे सुद्धा घेतले नव्हते माझ्या आईकडून." त्याच्यामागून शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, हातात मेणबत्ती. "माझा रेडिओ त्यांनी तीनदा जिवंत केला."

मिलिवोय आत दाढी करत होता. गालाला साबण लावलेला, वस्तरा हवेत, तो दाराआड उभा राहून ऐकत राहिला. ल्युबिंकानं मागं वळून पाहिलं. त्याचे डोळे भरलेले बघून तिनं लगेच काही सांगितलं नाही. तिघांना रांगेनं बोलू दिलं.

शेवटी मिलिवोयच तसा साबणासकट बाहेर आला. बेकरीवाल्याच्या हातून टोपली पडली.

"अजून आहे मी," तो म्हणाला. "चला, मला पण बघू द्या काय लिहिलंय ते."

सगळी वरात शटरपाशी गेली. कोशावा आदल्या रात्रीच थांबला होता. मिलिवोयनं कागद दोनदा वाचला, कडा सावकाश सोडवून घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. मग किल्ली काढली. कुलूप जरा अडलं. हात थरथरला, दुसऱ्यांदा लागली. शटर वर गेलं.

मुख्याध्यापक अजून मेणबत्ती घेऊन उभे होते. त्यांनी ती कोटाच्या खिशात सारली, घसा खाकरला आणि म्हणाले, "असं असेल तर मिलिवोय, मी घरी जाऊन रेडिओ घेऊन येतो. परवापासून नुसता खरखरतोय."

"आणा की," मिलिवोय म्हणाला. "आणि त्याच्यावर जे काही ठेवलं असेल ना, तेही घेऊन या."